करंट लोकेशन बडोदा

मागच्या वर्षी मे महिन्यात बायकोचं प्रमोशन झालं आणि पोस्टिंग आली हैदराबाद. ती सरकारी बँकेत आहे, स्केल दोनमधून तीनमध्ये गेली, आणि या बँकांमध्ये प्रमोशनच्या पाठोपाठ बदलीची ऑर्डर येतेच हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं, फक्त दोघांनाही वाटत होतं की सुरत नाहीतर फार तर इंदूर येईल. हैदराबाद म्हटल्यावर आधी दोघं हसलो आणि मग रात्री एक वाजेपर्यंत गच्चीवर बसून राहिलो.

नातेवाइकांची प्रतिक्रिया ठरलेली. आत्या म्हणाली प्रमोशन नाकारता येतं ना, मग नाकारायचं. मामा म्हणाला युनियनमध्ये ओळख काढू, सहा महिन्यांत परत आणू. सासूबाई म्हणाल्या मुलगी लहान आहे. सगळ्यांकडे उपाय होता आणि सगळे उपाय बायकोने काय करावं याचे होते. मी तिकडे नोकरी बघावी असं एकालाही सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर पहिले चार-पाच दिवस मलाही सुचलं नव्हतं. तिनेच एका संध्याकाळी सेव उसळ खाताना अगदी सहज विचारलं, तुझ्या लाइनच्या कंपन्या हैदराबादला भरपूर आहेत ना रे? मी हो म्हटलं आणि तर्री जास्त घालून घेतली.

कंपन्या भरपूर आहेतच. मी फार्मात आहे, क्यूसीमध्ये, म्हणजे गोळ्या-औषधं तयार झाली की ती लॅबमध्ये तपासणारा माणूस. एचपीएलसी (औषधातले घटक मोजायचं मशीन), डिसोल्यूशन (गोळी किती विरघळते त्याची चाचणी), ओओएस (रिझल्ट मर्यादेबाहेर गेला की होणारी चौकशी), ऑडिट आलं की रात्रपाळी, हे तेरा वर्षं. दोन कंपन्या केल्या, दोन्ही बडोद्याच्या, दोन्हीकडे सकाळी सहा दहाला दांडिया बाजारच्या नाक्यावरून कंपनीची बस. बडोद्यात औषधांचा धंदा जुना, अलेंबिक कंपनी १९०७ ची आणि तिच्या संस्थापकांत गज्जर आणि अमीन यांच्या जोडीला कोटीभास्कर नावाचे आपले मराठी प्रोफेसरही होते, हे बाबा पाहुण्यांना अजून सांगतात. तिकडे हैदराबादला आयडीपीएल या १९६१ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी औषध कंपनीमुळे पाया पडला आणि तिथे शिकलेल्या लोकांनी पुढे आपापल्या कंपन्या काढल्या. म्हणजे माझ्या डोक्यात हिशोब असा होता की एका औषधाच्या गावातून दुसऱ्या औषधाच्या गावात जायचंय, तेच मशीन, तेच फार्माकोपिया (औषधांच्या चाचण्यांचे नियम असलेलं पुस्तक), दोन महिन्यांत काम होईल. लागले साडेनऊ महिने, अर्थात त्यात नोटीसचे तीन आहेत.

बाबांचं एक सांगतो आणि पुढे जातो. बाबांनी आयुष्यात नोकरीसाठी एकच अर्ज केला, १९७४ मध्ये, आयपीसीएल या इथल्या पेट्रोकेमिकल कंपनीला, तोही शेजारच्या काकांनी फॉर्म आणून दिला म्हणून. लागले आणि तिथूनच रिटायर झाले. त्यामुळे मी रोज रात्री लॅपटॉप घेऊन बसायचो तेव्हा ते दारातून विचारायचे, आज किती? आज पाच, बाबा. कालच्या पाचांचं काय झालं? काही नाही झालं. मग ते मान हलवून जायचे, जणू मीच पत्ता चुकीचा लिहितोय.

आणि गंमत म्हणजे अडचण पत्त्याचीच होती.

पहिल्या सहा आठवड्यांत मी एक्केचाळीस ठिकाणी अर्ज टाकले (वहीत लिहून ठेवायचो, क्यूसीवाल्याची सवय, लिहिलं नाही तर ते झालंच नाही). त्यातून फोन आले दोन. पहिला फोन बरोबर बावन्न सेकंदांचा. "सर, करंट लोकेशन?" "वडोदरा." "नोटीस पिरियड?" "नव्वद दिवस." "ओके सर, वी विल गेट बॅक." दुसऱ्या बाईंनी निदान दोन प्रश्न जास्त विचारले, तेलुगू येतं का, आणि मूळ तिकडचे आहात का. दोन्हीला नाही म्हटलं.

मला वाटलं रिझ्युमेत काहीतरी कमी आहे म्हणून मी त्यात अजून कोंबत गेलो, हे सॉफ्टवेअर, ती ट्रेनिंग, अमुक ऑडिट फेस केलं, तीन पानांचं साडेचार पानी झालं. शेवटी आमच्याकडे आधी क्यूसीतच असलेला आणि नंतर एमबीए करून एचआरला गेलेला एक ज्युनिअर आहे त्याला फोन केला. तो म्हणाला दादा, तुमचा रिझ्युमे कोणी उघडतच नाहीये. रिक्रूटर पोर्टलवर बसला की आधी तीन चाळण्या लावतो, सध्याचं गाव, नोटीस आणि पगार. हैदराबाद, तीस दिवसांच्या आत, अमुक लाखापर्यंत. तुम्ही पहिल्या दोन चाळण्यांतच गळताय, तुम्हाला एचपीएलसी येतं की नाही हे बघायला कोणी तिथपर्यंत पोचतच नाही.

मग त्याने कारण सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. म्हणाला लांबच्या माणसाला काम येत नसेल अशी भीती कोणालाच नसते, भीती ही असते की तो येणारच नाही. आपल्या लाइनमध्ये लोक बाहेरगावची ऑफर घेतात, ते लेटर स्वतःच्या साहेबाला दाखवतात, पगार वाढवून घेतात आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. नव्वद दिवस वाट बघून एचआरवाल्याच्या हातात शून्य, आणि त्याला वर हिशोब द्यायचा असतो तो ऑफर किती दिल्या याचा नाही, किती जण जॉइन झाले याचा. मी गप्प बसलो, कारण २०१८ मध्ये मी स्वतः हेच केलेलं आहे, अंकलेश्वरच्या एका ऑफरवर. त्या माणसाचे अकरा मिस्ड कॉल होते.

तर एका मित्राने सोपा उपाय सांगितला, करंट लोकेशन हैदराबाद टाकून दे, कोण बघायला येतंय. टाकलं. आणि काय सांगू, तीन दिवसांत चार फोन. मी खूश. चौथ्या फोनवर एक गृहस्थ म्हणाले उद्या दहा वाजता हैदराबादमधल्या जीडीमेटलाच्या ऑफिसला या, ओरिजिनल घेऊन. आता आला का प्रश्न. मी म्हटलं सर, मी सध्या बडोद्यात आहे, येत्या आठवड्यात आलो तर चालेल का. तिकडे एकदम शांतता आणि मग, "दॅन व्हाय हॅव यू पुट हैदराबाद?" आवाज चढलेला नव्हता, उलट थकलेला होता, त्यामुळे जास्त लागलं. क्यूसीत आम्ही पोरांना पहिल्या दिवसापासून शिकवतो की आकडा जसा आला तसा लिही, आणि मी स्वतःच्याच प्रोफाइलवर खोटं रीडिंग टाकून बसलो होतो. त्याच रात्री परत बडोदा केलं. फोन परत बंद.

मध्ये एक प्रकरण फसवणुकीचंही झालं. एका मोठ्या कंपनीच्या नावाने ऑफर लेटर आलं, इंटरव्ह्यू नाही काही नाही, लोगो अगदी बरोबर, फक्त लॅपटॉप आणि गेट पाससाठी साडेचार हजार रिफंडेबल भरा म्हणे. मेलचा पत्ता फुकटातल्या मेलचा होता. सहा आठवडे कोणी विचारत नसेल ना तर माणूस असल्या मेलकडेही पाच मिनिटं आशेने बघतो, मी बघितलं. पैसे भरले नाहीत एवढंच.

ऑगस्टमधला तो रविवार मात्र नीट सांगायला हवा. फार्मावाल्यांना माहीत असेल, बाहेरच्या कंपन्या रविवारी आपल्या गावात हॉटेलचा हॉल घेऊन वॉक-इन ठेवतात, कारण अनुभवी माणसं कुठे ढिगाने मिळतात ते त्यांना ठाऊक असतं. हैदराबादची एक कंपनी सयाजीगंजमधल्या एका हॉटेलात येणार होती, सकाळी नऊ ते चार. आमच्याकडे नेमकी त्या रविवारी ऑडिटच्या तयारीसाठी सगळ्यांना ड्युटी लावलेली, म्हणून मी शनिवारी रात्रीच साहेबांना मेसेज टाकला की ताप आहे. मास्क लावून गेलो, तापाला शोभेल म्हणून नाही, ओळख लागू नये म्हणून. हॉटेलच्या बाहेर साडेआठलाच दोनशे-अडीचशे पोरं, हातात फोल्डर, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फोटो, इन केलेले शर्ट, स्टेशनकडून येणारी रिक्षा थांबेल तिथे अजून तिघं उतरतायत. आणि बघतो तर निम्म्या लोकांना मास्क. रांगेत माझ्या पुढे आमच्याच मायक्रो लॅबची एक मुलगी, तिच्या पुढे स्टोअर्सचा एक. आम्ही एकमेकांना ओळखत नसल्यासारखे मोबाइलमध्ये बघत उभे राहिलो. अकराच्या सुमारास फॉर्म भरायच्या टेबलाशी पोचलो तर शेजारच्या टेबलावर वाकून फॉर्म भरतायत ते आमचे सेक्शन हेड, ज्यांना मी तापाचा मेसेज केला होता तेच. नजरानजर झाली. त्यांनी पेनचं टोपण लावलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "शुं थयुं, तबियत सारी छे ने?" मी म्हटलं, सारी छे, साहेब. सोमवारी लॅबमध्ये त्यांनी मला बोलावून स्वतःहून चहा पाजला. हा विषय आम्ही आजतागायत काढलेला नाही.

इंटरव्ह्यू म्हणाल तर टेक्निकल छान गेला. डिसोल्यूशनचं विचारलं, एस-वन म्हणजे पहिल्या फेरीला सहा टॅब्लेट, प्रत्येक क्यू (किती टक्के औषध विरघळायला हवं तो ठरलेला आकडा) अधिक पाचच्या खाली नको, नाही बसलं तर अजून सहा लावायच्या, मग बाराची सरासरी क्यूइतकी किंवा जास्त हवी आणि एकही क्यू वजा पंधराच्या खाली नको, हे मी झोपेतही म्हणतो. मग एचआरच्या खोलीत पाठवलं आणि तिथे तो प्रश्न आला जो पुढे प्रत्येक ठिकाणी येणार होता. "सर, बट व्हाय हैदराबाद?"

मी म्हटलं करिअर ग्रोथ. त्याने मान डोलावली आणि माझ्या फॉर्मवर काहीतरी छोटंसं लिहिलं. त्याच्या टेबलावर सकाळपासूनचे फॉर्म होते, सगळ्यांनी करिअर ग्रोथच म्हटलं असणार. त्या कंपनीचा फोन आला नाही.

आता इथे मला माझ्याबद्दल जे कबूल करायचंय ते हे की खरं कारण माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होतं आणि मी ते लपवत होतो. का लपवत होतो? तर बायकोची बदली झाली म्हणून नवरा तिच्या मागे नोकरी शोधत निघालाय हे तोंडाने म्हणायला जीभ रेटत नव्हती. घरी मला काही वाटत नव्हतं, मित्रांत थोडंसं, पण इंटरव्ह्यूच्या टेबलावर ते वाक्य घशात अडकायचं. सप्टेंबरमध्ये एका व्हिडिओ इंटरव्ह्यूत मी "फॅमिली रीझन" एवढंच म्हणालो तर समोरच्याने विचारलं पेरेंट्स तिकडे आहेत का, मी नाही म्हटलं, मग काय, मग मी उगाच मुलीच्या शिक्षणाबद्दल काहीतरी बोललो आणि ते मलाच पटलं नाही. लपवलेलं कारण समोरच्याला वासावर कळतं. त्याला वाटतं याचं तिकडे काहीतरी बिघडलंय, ऑडिटमध्ये नाव आलं असेल, भांडण झालं असेल.

बायको जूनमध्येच हैदराबादला गेली होती, तिला फोनवर सांगितलं तर ती आधी हसली आणि मग म्हणाली, बारा वर्षांपूर्वी मी नागपूरहून बडोद्याला बदली मागितली तेव्हा फॉर्ममध्ये सरळ लिहिलं होतं, लग्न झालंय, नवरा तिकडे आहे. कोणी विचारलंही नाही. तू पण लिही की.

म्हणून लिहिलं. रिझ्युमेच्या अगदी वर, नावाखाली, दोन ओळी. पत्नी सरकारी बँकेत, जूनपासून हैदराबादला पोस्टिंग. मियापूरला भाड्याचं घर घेतलेलं आहे, प्लांट कुठेही असो, कुटुंब तिथेच राहणार आहे. पोर्टलवर लोकेशन बडोदाच ठेवलं, पण हेडलाइनमध्ये टाकलं, हैदराबादला शिफ्ट होतोय, कारण कुटुंब. साडेचार पानं कापून दोनवर आणली. आणि पोर्टलवर अर्ज टाकून वाट बघण्यापेक्षा ओळखीतून जायला लागलो, एमएस युनिव्हर्सिटीच्या आमच्या एमएस्सीच्या बॅचचे तिघं तिकडे निघाले, दहा वर्षं वाढदिवसाचा मेसेजही केला नव्हता त्यांना, तरी तिघांनीही रेफर केलं. रेफर केलेला रिझ्युमे निदान उघडला जातो.

फरक लगेच पडला असं म्हणणार नाही पण बोलण्याची जात बदलली. आता फोनवर पहिला प्रश्न गाव कुठलं हा नसायचा, मॅडम कुठल्या ब्रँचला आहेत हा असायचा. एकाने विचारलं घराचं ॲग्रीमेंट कोणाच्या नावावर आहे, मी म्हटलं तिच्या, हवं तर पाठवतो. एक साहेब मोठ्याने हसले, "युजुअली वाइफ फॉलोज हजबंड, नो?" मी पण हसलो, म्हटलं सर, आमच्याकडे ज्याची ऑर्डर आधी निघाली त्याच्या मागे दुसरा. हे मी घरी आरशासमोर पाठ केलं होतं, अचानक सुचलेलं नव्हतं.

गणपतीतला इंटरव्ह्यू तर कधी विसरणार नाही. व्हिडिओवर होता, संध्याकाळी सात, आणि आमच्या गल्लीत मंडळाची आरती बरोबर सातला. खिडक्या बंद, पंखा बंद, मुलीला आजीबरोबर मांडवात पाठवलेलं, तरी ताशा आत येतोच. समोर तीन जण. मी ओओएसच्या फेज वनबद्दल बोलतोय आणि मागे सुखकर्ता दुःखहर्ता. मधल्या साहेबांनी हात वर केला, मला वाटलं गेलं. तर विचारतात, "गणेश?" मी म्हटलं हो सर, सॉरी, गल्लीतला आहे. मग त्यांनी खैरताबादच्या गणपतीचं सुरू केलं, केवढा उंच असतो, विसर्जनाला हुसेनसागरला किती गर्दी, तुम्ही पुढच्या वर्षी बघालच. पुढच्या वर्षी बघालच म्हणाले ना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे होऊ शकतं.

त्यांनी फायनल राउंडला प्रत्यक्ष बोलावलं. आता रजेचं काय, तर इथे गुजरातची दिवाळी कामाला आली. आपल्याकडे दिवाळीपासून लाभपाचमेपर्यंत अख्खं गाव बंद, आमच्या प्लांटलाही चार दिवस सुट्टी आणि त्याला जोडून मी दोन टाकल्या. हैदराबादला दिवाळी एका दिवसाची, दुसऱ्या दिवशी ऑफिसं चालू. लांबून अर्ज करणाऱ्याला हे असले कॅलेंडरमधले फरक बघून ठेवायलाच हवेत, कारण दर इंटरव्ह्यूला वेगळी रजा कोणी देत नाही आणि वेगळं तिकीट परवडतही नाही. मी बाकीच्या दोन कंपन्यांनाही फोन करून सांगितलं की या चार दिवसांत मी हैदराबादला आहे, बघायचं असेल तर बघून घ्या. दोघंही हो म्हणाले. ही युक्ती मला जूनमध्ये सुचली असती तर बरं झालं असतं, "मी येऊ का" यापेक्षा "मी अमुक तारखेला तिथे आहे" याला लोक पटकन वेळ देतात.

राजकोट-सिकंदराबाद गाडीने मी आणि मुलगी गेलो, पुणे-सोलापूरवरून जाते, जवळजवळ अख्खा दिवस मोडतो. डब्यात आईने दिलेल्या पोळ्या, लीलो चेवडा, आणि मुलगी सोलापूरपर्यंत विचारतेय आई स्टेशनवर येणार ना. आई आली होती. पाच महिन्यांत तिसरी भेट.

तीन इंटरव्ह्यूंपैकी एक उगाच होता, त्यांची जागा आधीच भरलेली. दुसरीकडे सगळं जमलं, पगारही बरा बोलले, पण जाहिरातीत लोकेशन हैदराबाद आणि प्लांट निघाला जडचेर्लाला, म्हणजे शहरापासून ऐंशीएक किलोमीटर, बंगळुरूच्या हायवेवर. मियापूरहून रोजचं जाणं-येणं धरलं तर मी मुलीला फक्त झोपलेलीच बघितली असती. यात त्यांचं काही चुकलं असंही नाही, आपल्याकडे हालोलचा प्लांट वडोदरा म्हणून छापतातच की. पण परगावचा माणूस यात फसतो, गावाचं नाव वाचून अर्ज टाकतो. मी तेव्हापासून पहिला प्रश्न हाच विचारायला लागलो, कंपनीची बस कुठल्या कुठल्या स्टॉपवरून सुटते. बसचा रूट कळला की प्लांट कुठे आहे, लोक कुठे राहतात, शिफ्ट किती वाजता सुटते सगळं कळतं.

तिसरे ते गणपतीवाले. प्लांट बोल्लारमच्या बाजूला, बस मियापूरवरून. तिथे एचआर मॅडमनी सरळ विचारलं की मिस्टर अमुक, तुमच्या मिसेसची परत बदली झाली तर? मी म्हटलं साधारण तीन वर्षं तरी त्या इथे आहेत, पुढचं मला माहीत नाही. मॅडम म्हणाल्या तीन वर्षं पुष्कळ झाली, आमच्याकडे लोकलवाले अठरा महिन्यांत जातात.

आणि मग पगाराची बोलणी. इथे एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. खरं कारण सांगितलं की विश्वास बसतो हे खरं, पण भाव पण पडतो. त्यांना कळलेलं असतं की हा येणारच आहे, बायको इथे, घर इथे, हा कुठे जाणार. आमच्याकडे कंपनी बदलताना लोक पंचवीस-तीस टक्के सहज मागतात, मला त्यांनी अकरा टक्के दिले आणि मॅडमच्या चेहऱ्यावर असं होतं की घ्यायचंय तर घ्या. मी जडचेर्लाची ऑफर पुढे केली तर त्या शांतपणे म्हणाल्या, सर, तुम्ही जडचेर्लाला जाणार नाही. मी दोन दिवस मागितले. बायको म्हणाली पगारावर अडू नकोस, बाकीचं माग. मग मी नोटीसचा बायआउट, म्हणजे नोटीसचे जे दिवस भरणार नाही त्यांचे पैसे नव्या कंपनीने भरायचे, आणि सामान हलवायचा खर्च मागितला. सामानाचे चाळीस हजार मान्य झाले, बायआउट तीस दिवसांचा. प्रोफेशनल टॅक्स मात्र दोन्हीकडे महिना दोनशेच, तेवढं एक काही बदललं नाही.

राजीनामा दिल्यावर सेक्शन हेडनी तो वाचला, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भाभीनी साथे रहेवा मळशे, सारुं." काउंटर ऑफर वगैरे काही नाही, त्यांना त्या रविवारपासून अंदाज होताच. बायआउट मात्र वरच्या साहेबांनी अडवला, ऑडिट होईपर्यंत सोडणार नाही, आणि मी नव्वदचे नव्वद दिवस पूर्ण केले. या नव्वद दिवसांत मॅडमचा दर पंधरा दिवसांनी फोन, सर येताय ना, सर नक्की ना. मी प्रत्येक वेळी हो म्हणायचो आणि मला अंकलेश्वरच्या त्या माणसाचे अकरा मिस्ड कॉल आठवायचे. शेवटी मीच दर आठवड्याला काहीतरी पाठवायला लागलो, राजीनामा स्वीकारल्याचा मेल, मग मूव्हर्सचं कोटेशन, मग मुलीच्या शाळेच्या ॲडमिशनची पावती. पावती पाठवली त्यानंतर फोन बंद झाले.

मार्चमध्ये जॉइन झालो. आई-बाबा बडोद्यालाच आहेत, तो भाग अजून सुटलेला नाही, रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल एवढंच. बाबा आता "आज किती" ऐवजी विचारतात बस वेळेवर आली का. मुलीला शाळेत तेलुगू आहे, तेलंगणात सगळ्या शाळांना कंपल्सरी केलेलं आहे, आणि ती मला भाजीवाल्यासमोर सुधारते. काचीगुड्याकडे जुनी मराठी वस्ती आहे म्हणून एका रविवारी मुद्दाम गेलो, एका आजींनी बडोदा ऐकल्यावर आमचं मराठी ओळखलं, म्हणाल्या तुम्ही शेवटी "नी" लावता. आम्ही लावतो हे मला माहीतच नव्हतं.

जुन्या कंपनीचा पीएफ ट्रान्सफर अजून अडकलेला आहे. आणि परवा रात्री जेवताना बायको म्हणाली की बँकेत स्केल चारच्या प्रमोशनची कुजबुज सुरू झालीय, ती अजून बसत नाही त्यात, पण एखाद-दोन वर्षांत बसेल. मी आमटी वाढून घेतली आणि काही बोललो नाही. माझं प्रोबेशन सप्टेंबरमध्ये संपतं, तोपर्यंत मॅडमना तरी काही सांगायचं नाही असं आमचं ठरलंय.